एकतर्फी निकालानंतरही पगार थकलेलाच

थकीत पगारासाठी कामगाराने कामगार न्यायालयात जायचे आणि मालकाने तारखांना फिरकायचेच नाही, हे कुपवाड औद्योगिक वसाहतीत नवे नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या दाव्यातील नोटीस ‘मालक सापडत नाहीत’ अशा शेऱ्याने परत आली, तेव्हा त्याच पत्त्यावर यंत्रे दोन पाळ्यांत चालू होती. अखेर एकतर्फी निकाल त्यांच्या बाजूने लागला. पैसे मात्र मिळालेले नाहीत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३ सी मध्ये आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही अशी रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद असताना, त्या वसुलीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला जाणारा वसुली दाखला महसूल कार्यालयात का पडून राहावा? जिल्हाधिकाऱ्यांनी प्रलंबित दाखल्यांची तालुकानिहाय यादी जाहीर करून गैरहजर मालकांच्या यंत्रसामग्रीवर तातडीने जप्ती आणावी.

– एक वाचक, कुपवाड (जि. सांगली)