दुहेरीचा करंडक आणि 'व सहकारी'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेनिसपटू रोहन बोपण्णाच्या निवृत्तीचे वृत्त आपण परवाच्या अंकात क्रीडापानाच्या तळाशी, एका निविदेला खेटून का होईना, छापले, याबद्दल आधी आभार मानतो. त्याच पानावर पुढच्या हंगामात कोणता क्रिकेटपटू कोणत्या संघाकडे जाणार याच्या अटकळींना पाच स्तंभ दिलेले असल्यामुळे जागेची टंचाई समजण्यासारखी आहे. मात्र त्या चिमुकल्या वृत्तातही 'एकेरीत यश न मिळाल्याने तो दुहेरीकडे वळला आणि म्हणूनच पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळू शकला' असे वाक्य घुसडण्याइतकी जागा आपल्या प्रतिनिधीस मिळाली, ते वाचून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

बोपण्णाला एकेरी खेळता येत नव्हती असे ज्यांना वाटते त्यांनी सप्टेंबर २०१० मधील चेन्नईची डेव्हिस चषक लढत आठवावी. ब्राझीलविरुद्ध आपण ०-२ असे मागे होतो, दुहेरीच्या सामन्याने आशा जिवंत ठेवली, सोमदेव देववर्मनने बरोबरी साधली आणि निर्णायक पाचव्या सामन्यात, एकेरीच्या, रिकार्डो मेलोला हरवून भारताला जागतिक गटात, म्हणजे स्पर्धेच्या वरच्या श्रेणीत, टिकवणारा खेळाडू बोपण्णाच होता. त्याने पुढे दुहेरी पत्करली ती अडगळीची खोली म्हणून नव्हे. चोवीस तास त्याच खेळाचा विचार करणाऱ्यांचा तो स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्याचे नियमही निराळे आहेत. दौऱ्यावरील नेहमीच्या स्पर्धांमध्ये ४०-४० झाले की सलग दोन गुण मिळवण्याची, म्हणजे ॲडव्हान्टेजची, भानगड नसते, एकाच गुणावर गेम जातो, आणि सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची हे परतवणारी जोडी ठरवते. एक-एक सेट झाला की तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक खेळवतात. दोन तास उत्तम खेळून शेवटच्या पाच मिनिटांतील एका चुकीच्या व्हॉलीवर आठवडा संपतो. मग बॅग भरायची आणि पुढच्या शहराचे विमान पकडायचे.

जोडीदाराचे प्रकरण तर याहून अवघड. बहुतेक छोट्या स्पर्धांत दुहेरीच्या सोळाच जोड्या असतात आणि प्रवेश दोघांच्या क्रमांकांच्या बेरजेवर ठरतो, त्यामुळे आपण कितीही चांगले खेळलो तरी जोडीदाराचा क्रमांक घसरला की आपणही दाराबाहेर. त्यातच एकेरीतील मोठ्या नावांना त्यांच्या एकेरीच्या क्रमांकावर दुहेरीत उतरता येते; त्यांनी सरावापुरती नावे नोंदवली की दुहेरीवरच पोट असणाऱ्या दोघांची जागा गेली. बोपण्णाने कुरेशी, भूपती, मर्जिया, दिविज शरण, शापोवालोव्ह अशा किती तरी जणांबरोबर मोट बांधली. गुडघ्यातील कूर्चा झिजली तेव्हा त्याने अय्यंगार योग धरला, ज्याचे माहेर आपले पुणेच आहे. २०२१ मध्ये महिनोन्महिने एकही सामना जिंकता येत नव्हता तेव्हा सोडून देण्याचा विचारही त्याच्या मनात येऊन गेला होता, हे त्याने स्वतः सांगितले आहे. त्यानंतर २७ जानेवारी २०२४ रोजी मेलबर्नमध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात, मॅथ्यू एब्डेनच्या साथीने त्याने बोलेली आणि वावासोरी यांना ७-६, ७-५ असे हरवले. पहिल्या सेटचा टायब्रेक ७-० होता. तेथे दोघांनी प्रतिस्पर्ध्यांना एक गुणही दिला नाही. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो पुरुष दुहेरीचा पहिला ग्रँड स्लॅम जिंकला आणि प्रथमच जागतिक क्रमवारीत अव्वल झाला. त्या स्पर्धेत एकेरीच्या विजेत्याला साडेएकतीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. दुहेरीच्या विजेत्यांना सात लाख तीस हजार, तेही दोघांत वाटून. आपल्या वृत्तासोबतचे छायाचित्र त्याच विजयाचे आहे, परंतु ते असे कापले आहे की एब्डेनचा फक्त कोपर आणि रॅकेटची मूठ एवढेच पानावर उरले.

त्या कोपरामुळेच मला आमचा करंडक आठवला. महाविद्यालयात असताना मी व तासगावचा माझा एक मित्र आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दुहेरीचे विजेते झालो. लाल मातीचे कोर्ट, सकाळी पाण्याचा सडा मारून रोलर फिरवायचा तोही आम्हीच, आणि दुहेरीच्या बाजूच्या पट्ट्यांत एरवी सायकली लावलेल्या, त्या आधी हलवायच्या. बक्षीस समारंभात एकेरीच्या विजेत्याला करंडक मिळाला, उपविजेत्यालाही मिळाला. आम्हा दोघांना मिळून मात्र एक करंडक आणि एकच प्रमाणपत्र देण्यात आले. आयोजकांना विचारले तर ते हसून म्हणाले, "एकच सामना जिंकलात ना? आलटूनपालटून ठेवा." त्याप्रमाणे करंडक सहा महिने सांगलीत, सहा महिने तासगावात असा फिरू लागला, आणि मित्राच्या मातोश्रींनी त्यात बेदाणे भरून ठेवण्यास आरंभ केल्यावर तो तासगावातच स्थिरावला. घरच्या बागेचे बेदाणे होते, त्यामुळे करंडकाबाबत तक्रार करण्यास मला तोंड राहिले नाही.

तक्रार आहे ती प्रमाणपत्राची. एका वित्तसंस्थेत खेळाडूंसाठी राखीव जागा निघाल्या तेव्हा मुलाखतीला मी झेरॉक्स घेऊन गेलो, कारण मूळ प्रत मित्राकडे होती आणि त्याच काळात तोही अन्यत्र अर्ज करत होता. समोरच्या तिघांपैकी मधल्या गृहस्थांनी तो कागद उजेडात धरला, त्यावरील दोन नावे वाचली आणि अत्यंत सौजन्याने विचारले की यात जिंकले नेमके कोण. दोघेही, असे मी सांगितले. त्यावर, "म्हणजे तुमच्या वाट्याला निम्मेच यश धरायला हवे," असे म्हणून त्यांनी खरोखरच खेळाच्या रकान्यातील गुण निम्मे केले. मला ते टेबलावर उलटे दिसत होते. त्या जागेवर एकेरीत उपान्त्यपूर्व फेरीत हरलेल्या उमेदवाराची निवड झाली. तो माणूस चांगला होता, पुढे आमच्याच कोर्टावर येत असे आणि नेटजवळ उभे केले की चेंडूला पाठ करत असे, हे जाता जाता नमूद करतो.

संपादक महाशय, मिरजेच्या मैफलीच्या पत्रिकेत तबलजीचे नाव छापायचे राहिले तर दुसऱ्या दिवशी आपल्याच दैनिकात खेद व्यक्त होतो, आणि तो व्हायलाच हवा. दुहेरीच्या बाबतीत हा शिष्टाचार कोठे जातो? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन ओपनने मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेआधीच दोन दिवसांत उरकली, एकेरीतील तारे गोळा केले आणि विजेत्या जोडीसाठी दहा लाख डॉलर ठेवले. नेहमीच्या दुहेरीवाल्यांना त्यात जवळजवळ जागाच नव्हती. तरीही जिंकले कोण, तर आधीच्या वर्षीचेच विजेते सारा एर्रानी आणि आंद्रेआ वावासोरी, दोघेही दुहेरीत मुरलेले. बोपण्णाकडून मेलबर्नला हरलेला वावासोरी तो हाच. अंतिम सामन्यात त्यांनी इगा श्वियाँतेक व कॅस्पर रूड यांना नमवले. आपल्याकडे त्या बातमीचे शीर्षक श्वियाँतेक पराभूत असे होते, आणि जिंकणाऱ्यांची नावे थेट तिसऱ्या परिच्छेदात सापडली.

हे सारे परदेशातील म्हणून सोडून देता आले असते. परंतु हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकणारी ऋतुजा भोसले आपल्या महाराष्ट्राची आहे. बोपण्णाच्या निवृत्तीच्या वृत्तात त्या सुवर्णाचा उल्लेख आहे, तिचा नाही. 'महिला सहकाऱ्यासमवेत' असे छापले आहे.

याच विषयातील आणखी एक गोष्ट या निमित्ताने आपल्या कानावर घालतो. जिल्हा स्पर्धांचे निकाल छापताना दुहेरीत पहिल्या खेळाडूचे नाव द्यायचे आणि पुढे 'व सहकारी' म्हणून मोकळे व्हायचे, अशी प्रथा आपल्या क्रीडा विभागात गेली कित्येक वर्षे आहे. माझ्या पुतणीचे नाव आडनावाच्या अक्षरक्रमामुळे नेहमी दुसरे येते, त्यामुळे घरच्या कात्रणवहीत ती सर्वत्र 'सहकारी' आहे. ती आता चौदा वर्षांखालील गटात खेळते आणि पुढील स्पर्धा दिवाळीच्या सुटीनंतर आहे. तिचा निकाल लागल्यास दोन्ही नावे सुवाच्य अक्षरांत लिहून मी स्वतः आपल्या कार्यालयात आणून देईन. दुसऱ्या नावाने एक ओळ वाढत असल्यास त्या ओळीचे पैसे वर्गीकृत जाहिरातीच्या दराने घ्यावेत, पावती मात्र दोघींच्या नावे फाडावी.

आपला,
एक जुना वर्गणीदार
विश्रामबाग, सांगली