बारीक मनगटाच्या मित्रास

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. चार घड्याळांची यादी पाठवलीस आणि खाली लिहिलंस, "यातलं एक सांग, लगेच घेऊन टाकतो." यातलं एकही नको. चारही बेचाळीस मिलिमीटरच्या आसपासची आहेत, दोघांना काचेभोवती फिरणारी कडी आहे, आणि एकाच्या डायलवर इतके छोटे-मोठे काटे आहेत की वेळ शोधत बसावं लागेल. तुला हवंय ते अगदी वेगळं. पूर्ण बाहीच्या शर्टाखाली अलगद जाणारं, साधं, लहानसं, जपानी, सेलशिवाय चालणारं आणि खिशाला झेपणारं. हे सगळं तूच त्याच पत्रात नीट लिहिलंस. मग यादी करताना कुठे भरकटलास कोण जाणे.

आधी तुझा प्रश्न. ऑटोमॅटिकच, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारंच घड्याळ कशाला? अचूक वेळेसाठी म्हणशील तर अजिबात गरज नाही. क्वार्ट्झचं, म्हणजे सेलवर चालणारं मनगटी घड्याळ बाजारात पहिल्यांदा आणलं तेही जपान्यांनीच. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोचं ॲस्ट्रॉन आलं आणि चावीच्या घड्याळांचे दिवस फिरले. आज अगदी साधं क्वार्ट्झसुद्धा महिन्याला पंधरा-वीस सेकंदच चुकतं. परवडणारं ऑटोमॅटिक तेवढं एका दिवसात चुकू शकतं. सेइकोच्या ४आर मालिकेतल्या यंत्रांना कंपनी स्वतःच दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे एवढी मुभा देते. बहुतेक नग त्याहून पुष्कळ बरे चालतात, पण मनाची तयारी त्या आकड्याचीच ठेव. वर क्वार्ट्झ पातळ असतं आणि चार दिवस कपाटात पडून राहिलं तरी चालूच राहतं. एवढं ऐकूनही हात हलला की आतलं चाक फिरणारंच घड्याळ तुला हवं असेल तर पुढे वाच. हवंच असणार, ओळखतो मी तुला.

आता मापं. सगळे व्यास विचारतात आणि तिथेच थांबतात. तुझ्यासारख्या बारीक मनगटाला व्यासापेक्षा लांबी महत्त्वाची, म्हणजे पट्टा ज्या टोकांत अडकतो त्या वरच्या लगपासून खालच्या लगपर्यंतचं अंतर. मनगटाचा नुसता घेर मोजूनही उपयोग नाही. घेर तोच असला तरी एखाद्याचं मनगट वरून चपटं आणि रुंद असतं, दुसऱ्याचं गोल नळीसारखं. म्हणून पट्टी घे आणि मनगटाच्या वरचा सपाट भाग किती मिलिमीटर आहे ते मोज. घड्याळाची लगपासून लगपर्यंतची लांबी त्यापेक्षा कमी हवी, दोन्ही बाजूंना थोडी कातडी दिसली पाहिजे. लग मनगटाबाहेर लटकले की घड्याळ ३८ चं असो नाहीतर ३६ चं, उसनं आणल्यासारखं दिसतं. जाड पुठ्ठा त्या लांबी-रुंदीचा कापून मनगटावर ठेवून बघ. हसू नकोस, फोटो बघण्यापेक्षा हा उपाय कितीतरी खरा आहे. घड्याळांचे फोटो फार जवळून काढलेले असतात, त्यात सगळीच मनगटावर भली मोठी दिसतात. पुठ्ठा बांधून आरशासमोर दोन पावलं मागे उभा राहा. लोकांना तुझं घड्याळ तेवढ्या अंतरावरूनच दिसणार आहे.

आणखी एक. ड्रेस घड्याळाची, म्हणजे चांगल्या कपड्यांवर घालायच्या साध्या घड्याळाची कड बारीक असते, जवळजवळ सगळा चेहरा डायलचाच. त्यामुळे ३८ मिमीचं ड्रेस घड्याळ ४० च्या पाणबुड्यांसाठी केलेल्या घड्याळाइतकं किंवा त्याहून मोठं भासतं. पांढरा डायल आणखी मोठा दिसतो, काळा आक्रसतो. म्हणजे तुझ्यासाठी ३६ ते ३८ मिमी हेच माप. आणि "एवढंसं पुरुषाच्या हातात कसं दिसेल" ही धास्ती सोड. १९६० साली निघालेलं पहिलं ग्रँड सेइको सुमारे ३५ मिमीचं होतं आणि ते सेइकोचं त्या काळातलं सर्वांत मानाचं घड्याळ होतं.

जाडीकडे मात्र कुणी बघत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. ऑटोमॅटिकमध्ये यंत्रावर आणखी एक मजला असतो. अर्धचंद्राच्या आकाराचा जड रोटर, आणि त्याची फिरकी स्प्रिंगपर्यंत पोचवणारी चाकं. महागड्या यंत्रांत हे सगळं दाटीवाटीने बसवतात. स्वस्त यंत्रांत ऐसपैस बसवतात, कारण ऐसपैस भाग बनवायला सोपे, जोडायला सोपे आणि धक्के खायला दणकट. सेइकोची ४आर३५ आणि ४आर३६ ही यंत्रं ५.३२ मिमी जाडीची आहेत. सिटिझनची यंत्रं बनवणारी कंपनी मियोटा, तिची ८२०० मालिका तर ५.६७ मिमी. त्याच मियोटाचं ९०१५ यंत्र अवघं ३.९ मिमी, पण ते ज्या घड्याळांत जातं ती तुझ्या ठरवलेल्या खर्चात क्वचितच बसतात. यंत्राच्या वर डायल, काटे, फुगीर काच, खाली झाकण. सगळं मिळून अकरा ते साडेबारा मिमी होतं आणि त्याखाली जाणं या किमतीत जवळपास अशक्य.

म्हणून व्यास फार कमी करण्यातही अर्थ नाही. सेइकोच्या प्रेसाज कॉकटेल मालिकेत ३३.८ मिमीची घड्याळं आली होती, स्त्रियांसाठी म्हणून विकलेली. मला त्यात काही गैर वाटत नाही, तुला आवडलं तर खुशाल घाल. पण आत तेच ४आर३५, त्यामुळे घेर घटला तरी उंची फारशी घटली नाही आणि बाजूने बघितलं तर बाटलीच्या बुचासारखं दिसतं. जाडी लपवायची युक्ती एकच, ती म्हणजे घुमटाकार काच. जाडीचा बराचसा भाग काचेत गेला की धातूची कड बारीक राहते, आणि बाही त्या उतारावरून सरकून जाते. सपाट काच आणि उंच भिंतीची केस, म्हणजे घड्याळाची धातूची डबी, असेल तर आकडा तोच असूनही बाही अडकते.

याच कारणासाठी माझा कौल ओरिएंट बॅम्बिनोच्या ३८ मिमीच्या आवृत्तीला आहे. ओरिएंट १९५० साली सुरू झालेली कंपनी, आता सेइको एप्सनच्या मालकीची, पण यंत्रं स्वतःचीच वापरते. बॅम्बिनो मुळात ४०.५ मिमीचं निघालं आणि वर्षानुवर्षं बारीक मनगटवाल्यांनी त्याच्याकडे बघून उसासे टाकले. ३८ चं आलं तेव्हा कुठे तुझ्यासारख्यांची सोय झाली. प्रत्यक्षात ते ३८.४ भरतं, लगपासून लगपर्यंत ४४ च्या आसपास. काच घुमटाकार, आत एफ६७२४ यंत्र, त्याला चावीही देता येते आणि चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो. पट्टा २० मिमीचा, म्हणजे कुठलाही बसेल. मोठ्या बॅम्बिनोच्या कित्येक आवृत्त्यांना २१ मिमीचा पट्टा लागतो आणि तो शोधताना माणूस मेटाकुटीला येतो. खोट एवढीच की काच साधी मिनरल, म्हणजे नेहमीच्या काचेसारखीच आहे, ती चरे धरते. घुमटाचा माथा भिंतींना, दाराच्या चौकटींना आधी लागतो. तू हात हलवत बोलतोस, तेवढं सांभाळ.

दुसरा पर्याय सेइको ५ मधला. ही मालिका १९६३ पासूनची. एकाच खिडकीत तारीख आणि वार, चारच्या जागी अर्धवट आत दडलेली चावी, ही तिची जुनी ओळख. त्यातली जुनी एसएनएक्सएस घड्याळं लोकांची इतकी लाडकी होती की सेइकोने हल्ली तीच ठेवण पुन्हा काढली आहे. एसआरपीके८७ आणि तिची भावंडं, ३७.४ मिमीची, आत ४आर३६. ही निखळ ड्रेस घड्याळं नाहीत. स्टीलचा पट्टा, वाराची खिडकी, थोडा रोजच्या वापराचा बाज. पण पाण्याला बॅम्बिनोपेक्षा कितीतरी पक्की, आणि एकच घड्याळ सगळीकडे घालायचं असेल तर हेच शहाणपणाचं. जुन्या एसएनएक्सएसच्या किंवा एसएनके मालिकेच्या मागे लागलास तर एवढं लक्षात ठेव की त्यांत ७एस२६ यंत्र आहे. ते १९९६ पासूनचं, दणकट म्हणून नावाजलेलं, पण त्याला चावी देता येत नाही आणि सेकंदकाटा थांबत नाही. बंद पडलं की हातात धरून हलवत बसायचं.

कॉकटेल मालिकेतली ३८.५ मिमीची घड्याळंही आहेत. त्यांच्या डायलवरचं किरणांचं नक्षीकाम उजेडात खरंच बघत राहावंसं वाटतं. माझ्या मते ते ड्रेस घड्याळासाठी जरा जास्तच झगमगतं, पण हा आवडीचा प्रश्न. आणि एसएआरबी०३३ चं नाव तुला कुणीतरी सांगेलच, तेव्हा आधीच सांगतो. ३८ मिमी, सहसा चरे न धरणारी सफायर काच, पन्नास तास चालणारं ६आर१५ यंत्र, सगळंच झकास, पण २०१८ मध्ये ते बंद झालं आणि तेव्हापासून त्याची किंमत परवडणाऱ्यातली राहिलेली नाही. सिटिझन मी वगळतो आहे, तुझ्या मापात आणि या बाजात त्यांचं एकही मला मनापासून पटलेलं नाही.

साठ-सत्तरच्या दशकातलं जुनं सेइको घ्यायचा मोह होईल. मापं अगदी तुझी, ३६-३७. पण डायल नव्याने रंगवलेले नग ढिगाने फिरतात. कोरं करकरीत पन्नास वर्षांचं डायल दिसलं की हात आखडता घे. सेइकोच्या पाठीवर दोन आकडे असतात. यंत्र-केसचा आकडा, त्यातले पहिले चार अंक यंत्राचे, ते आतल्या यंत्राशी जुळले पाहिजेत. दुसरा अनुक्रमांक. त्यातला पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिन्याचा, ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. दशक मात्र मॉडेलवरून ओळखावं लागतं. एवढी खटपट करायची हौस नसेल तर नवं घे.

वापराचं थोडं. रात्री काढून ठेवलंस तरी सकाळी चालू असेल, पूर्ण भरलेली स्प्रिंग चाळीसेक तास पुरते. शनिवार-रविवार घातलं नाहीस तर सोमवारी बंद मिळेल. तेव्हा चावीचे वीस-तीस वेढे दे, मग वेळ लाव. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात तारीख झटपट बदलायला जाऊ नकोस, तेव्हा आतली चाकं तारीख ढकलायच्या तयारीत असतात आणि दात तुटू शकतो. काटे आधी सहावर आणायचे, मग तारखेला हात लावायचा. घड्याळ एकाएकी रोज काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर बिघडलं म्हणून घाबरू नकोस. बहुतेक वेळा लोहचुंबकाजवळ ठेवल्याने तसं होतं, स्पीकर किंवा पर्सच्या चुंबकी बंदापाशी. घड्याळजी ते क्षणात उतरवून देतो. आणि ३० मीटर लिहिलेलं असलं तरी पोहायला जाऊ नकोस, ते हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतं आहे.

पहिले काही आठवडे रोज एकाच वेळी फोनवरच्या घड्याळाशी ताडून किती सेकंद पुढे-मागे आहे ते लिहून ठेव. मग रात्री ते पाठीवर, नाहीतर चावी खाली किंवा वर करून ठेवून बघ. ठेवायच्या तऱ्हेप्रमाणे त्याची चाल बदलते, आणि दिवसा गेलेले सेकंद रात्रीत भरून निघतील अशी एखादी तऱ्हा बहुधा सापडते. तुला असले खेळ आवडतात.

बरोबर येणारा पट्टा बहुतेक कडक आणि मधे फुगीर निघेल. तो काढून पातळ, न फुगवलेला चामड्याचा लाव, गडद तपकिरी. तेवढ्यानेच घड्याळ मनगटाला टेकून बसेल. डायल मी पांढरट, हस्तिदंती रंगाचा घेईन, पण तुझ्या कपड्यांत काळं-करडंच जास्त, तेव्हा काळा घेतलास तरी माझी तक्रार नाही. निळा मात्र नको, तुझ्या बुटांशी कधीच जुळणार नाही.

पट्टीने मोजून सपाट भाग किती निघाला ते आधी कळव, मगच पैसे दे. तो ४६ च्या खाली असेल तर बॅम्बिनोबद्दल आपण पुन्हा बोलू.

तुझा,
अविनाश