'लाल फोन' नव्हताच!

संपादक महोदय,

कोल्हापुरात स्पर्धा परीक्षांच्या अनेक वर्गांत अजूनही शिकवतात, की शीतयुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत संघाचे नेते लाल फोनवर बोलत. असा फोन नव्हता. दोघांमधल्या थेट संपर्काची ही 'हॉटलाइन' म्हणजे टंकलेखी तारयंत्रे होती.

गरज पटली ती क्युबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेल्या ऑक्टोबर १९६२च्या पेचप्रसंगात. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचे २६ ऑक्टोबरचे लांबलचक पत्र वॉशिंग्टनला पूर्ण पोहोचून भाषांतर व्हायला सुमारे बारा तास गेले. सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांच्या तारा तर आकड्यांच्या सांकेतिक रूपात सायकलवरचा पोऱ्या तारघरात नेत असे! अण्वस्त्रे सज्ज असताना हा उशीर जीवघेणा होता.

२० जून १९६३ला जिनिव्हात करार झाला, ३० ऑगस्टला लाइन सुरू झाली. वॉशिंग्टनहून तार लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकीमार्गे मॉस्कोला जाई. मोरोक्कोतल्या टँजियरमार्गे रेडिओची पर्यायी सोय होती. प्रत्येकाने आपल्याच भाषेत लिहायचे, भाषांतर घेणाऱ्याने करायचे. मजकूर सांकेतिक करण्याच्या फिती ज्याच्या त्याने बनवून आपल्या वकिलातीमार्फत दुसऱ्याला द्यायच्या, म्हणजे कोणाचीच गुप्त पद्धत उघडी पडत नसे. आवाज मुद्दाम टाळला होता. बोलण्यात ऐकण्याची चूक होते, घाईत भलताच शब्द जातो. लेखी मजकुरावर विचार करता येतो, आणि हीच या योजनेची खरी हुशारी. जून १९६७च्या अरब-इस्रायल युद्धात ती कसाला लागली.

परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या टिपणांत निदान एवढी दुरुस्ती व्हावी, ही कळकळीची विनंती.

– इतिहासाचा एक अध्यापक, कोल्हापूर