तांदूळ मिळाला, पण नाव कुठल्या कार्डावर?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सीमाभागात अन्नसुरक्षेचा विषय निघाला की 'रेशन मिळतं ना?' एवढ्यावरच बोलणं थांबतं. बहुतेक घरं 'मिळतं' म्हणतात, आणि ते खोटं नसतं. पण दुकानात धान्य येणं, ते घरातल्या प्रत्येकाच्या नावावर निघणं आणि त्यातून पुरेसं जेवण होणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

नावाचंच बघा. महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजच्या मुली कर्नाटकातल्या खानापूर, बेळगावात सून म्हणून येतात, ही इथली रोजची सोयरीक. मुलीचं नाव माहेरच्या महाराष्ट्रातल्या कार्डावर असतं. तिथल्या तहसीलच्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इथल्या कार्डावर ते चढत नाही; आधार दुसऱ्या कार्डाला जोडलेलं दिसलं की संगणक अर्ज परत पाठवतो. दाखला आला तरी आधारावरचं नाव आणि कन्नडमध्ये टाइप केलेलं नाव जुळत नाही. त्यातून अर्ज घेणंच मधूनमधून बंद असतं. वर्ष-दीड वर्ष असंच जातं, आणि नेमकी त्याच काळात ती गरोदर असते.

तोवर एक वाट आहे, ती फारशी कोणाला ठाऊक नाही. माहेरचं कार्ड प्राधान्य किंवा अंत्योदय गटातलं असेल आणि आधार जोडलेलं असेल, तर 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेखाली तिच्या वाट्याचं केंद्राचं धान्य इथल्या दुकानात, इथल्या अंगठ्यावर घेता येतं. बाकीचं धान्य माहेरचे लोक तिकडे उचलू शकतात. राज्य सरकार जे वरचं देतं ते मात्र परराज्याच्या कार्डावर मिळत नाही. गोव्यात कामाला गेलेल्या आपल्या लोकांनाही हाच नियम.

आता ताटाकडे येऊ. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य गटात माणशी महिन्याला पाच किलो धान्य, म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम. तांदूळ असला तर त्यातून सुमारे ५८० कॅलरी मिळतात. राज्याने दहा किलो केलं की तेच ३३३ ग्रॅम होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये २००० कॅलरींचं जे ताट सुचवलं, त्यात धान्य २५० ग्रॅमच आहे; डाळी, अंडी, मांस मिळून ८५ ग्रॅम आणि भाजी ४०० ग्रॅम. म्हणजे भात जास्तच झाला आणि आमटी पातळच राहिली. ८५ ग्रॅम सगळे डाळीतून भागवायचे तर चौघांच्या घराला महिन्याला दहा किलो डाळ लागते. येळ्ळूर, शहापूरच्या शिवारात भातानंतर मसूर पिकतो, पण तो बाजारात जातो. मजुराच्या घरात विकतचीच डाळ येते. जादा पाच किलोऐवजी तूरडाळ, तेल, साखर, मीठ देणाऱ्या किटला कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी दिली, ती दिशा म्हणूनच बरोबर वाटते. साखर नसती तरी चाललं असतं!

दुकानातली एक खोड सांगायलाच हवी. 'थंब आज, तांदूळ परवा.' अंगठा लागला की यंत्राच्या हिशेबी माल दिला गेला, मग परवा दोन किलो कमी आले तर पुरावा कसला? म्हणून आधी काटा शून्यावर बघावा, माल मोजून घ्यावा, मग अंगठा द्यावा आणि छापील पावती मागावी. लावणीच्या दिवसांत चिखलाने बोटं झिजतात, अंगठा उमटत नाही. अशा वेळी ओटीपी किंवा दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो. पण कणकुंबी, आमगावकडे पावसात मोबाइलला रेंजच नसली तर ओटीपी कुठून येणार? तिथे वहीवर नोंद करून धान्य देण्याची मुभा पावसाळ्याआधीच लेखी द्यावी.

अन्नाची चणचण मोजायला जागतिक अन्न व कृषी संघटनेचे आठ प्रश्न वापरतात. 'जेवायला पुरेल का' या काळजीपासून ते 'अख्खा दिवस उपाशी काढला का' इथपर्यंत. ते इथे नुसते भाषांतर करून विचारले तर घोटाळा होतो. वारकऱ्यांच्या घरात 'दिवसभर जेवला नाहीत का' विचारलं की एकादशी आठवून 'हो' येतं. 'पैसे किंवा धान्य नव्हतं म्हणून' हे शब्द प्रत्येक प्रश्नात पुन्हा म्हणावे लागतात. शेजारीण उंबऱ्यात उभी असेल तर कोणी खरं सांगत नाही. आणि घरधन्याला विचारून उपयोग नाही. सगळ्यांचं झाल्यावर तळाचं कोरड्यास कोणाच्या वाट्याला येतं ते बाईलाच माहीत.

महिनाही महत्त्वाचा. लावणी, भांगलण संपली की मजुरी थांबते, नवं भात कार्तिकात येतं, मध्ये गणपतीचा खर्च. बेळगावजवळच्या बळ्ळारी नाल्याने शेत बुडवलं तर कार्तिकातही काही हाती लागत नाही. सुगीनंतर सर्व्हे करून मागच्या तीस दिवसांचं विचारलं, तर सगळी गावं पोटभर जेवलेली दिसतील.

तेव्हा जिल्हा प्रशासनाने ही पाहणी भाद्रपदात करावी, खानापूर, निपाणी आणि बेळगाव तालुक्यांत प्रश्न मराठीतूनही विचारावेत, आणि पहिला प्रश्न हा ठेवावा : घरात जेवणारी माणसं किती, आणि कार्डावर नावं किती?

आपला,
एक वाचक, खानापूर