म्हादईला पुढच्या टप्प्यावर ढकलू नका : गोव्याच्या वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वनमंत्री, गोवा राज्य

महोदय,

म्हादई अभयारण्य आणि लगतचे वनक्षेत्र तीन महिन्यांत व्याघ्र राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित करावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी दिला आणि वनवासींचे हक्कदावे बारा महिन्यांत निकाली काढण्यासही त्याच निकालात सांगितले. शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. अधिसूचनेचे भवितव्य तिथे ठरेल. पण हक्कदावे निकाली काढायला आपल्याला कोणाची आडकाठी होती?

लोक विस्थापित होतील, हे व्याघ्र क्षेत्राला विरोध करण्यामागचे शासनाचे मुख्य कारण. वन्यजीव कायद्याच्या कलम ३८ व्ही नुसार ग्रामसभेच्या संमतीविना, सक्तीने कोणालाही उठवता येत नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या काजूची बागायत राखणाऱ्या माणसाच्या हाती कागद नसेल, तर त्याने भ्यायचे नाही तर काय करायचे? म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ साली, राष्ट्रपती राजवटीत, राज्यपाल जेकब यांच्या काळात जाहीर झाली. त्या सीमेतील लोकांचे हक्क निश्चित करण्याचे काम नंतरच्या लोकनियुक्त सरकारांकडे आले आणि ते रेंगाळत राहिले. म्हणजे ज्या भीतीचा दाखला शासन न्यायालयात देते, ती शासनाच्याच दिरंगाईने पोसली आहे.

सत्तरीतली निरंकाराची राय, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली देवराई, आपण पाहिली असेल. दलदलीतून गुडघ्यासारखी मुळे वर काढून उभी असलेली रानजायफळाची ती झाडे देवाच्या धाकाने आणि गावकऱ्यांच्या श्रद्धेने टिकली, आपल्या खात्याच्या फलकाने नव्हे. असे जुने रान वनमहोत्सवात रोपे लावून पुन्हा उभे राहत नाही. पर्यायी वनीकरणाच्या हिशेबात ते बसतच नाही.

जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेले. गोव्यात वाघ केवळ ये-जा करतात असे म्हटले जाते; पण बछड्यांसह वावरणाऱ्या वाघिणीला वाटसरू म्हणता येत नाही. तरी सर्वोच्च न्यायालयाला सल्ला देणाऱ्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने व्याघ्र क्षेत्र टप्प्याटप्प्याने करण्याचा मार्ग सुचवताना, वस्ती जास्त म्हणून, म्हादईला पहिल्या टप्प्याबाहेर ठेवले. म्हादईचे पाणी वळवण्याच्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाप्रकरणी मात्र जानेवारी २०२३ मध्ये कर्नाटकाला नोटीस बजावताना आपण याच अभयारण्याचा आधार घेतला होता. पाण्यासाठी जे अभयारण्य हवे, ते वाघासाठी नको, ही भूमिका फार काळ टिकणारी नाही.

म्हणून विनंती अशी, की म्हादई अभयारण्यातील प्रत्येक गावाच्या प्रलंबित हक्कदाव्यांची स्थिती मराठी आणि कोकणीत जाहीर करावी, ग्रामसभांच्या तारखा ठरवाव्यात, वाघ-बिबट्याने मारलेल्या गुरांची भरपाई ठरावीक मुदतीत द्यावी आणि म्हादईचा समावेश कधी करणार, ती तारीख लेखी सांगावी.

आपला,
सत्तरी तालुक्यातील एक नागरिक