माय, मी रात्री झोपतो

म्युनिक, ५ एप्रिल

ती. आप्पा आणि माय यांस शि. सा. नमस्कार.

मी बरा आहे. कळण्याचं पीठ अजून पुरतंय.

इथल्या पहाटे ४ ला माझ्याकडून फाइली येतात असं दादूने सांगितलं आणि माय घाबरली. माय, तेव्हा मी गाढ झोपेत असतो. स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरने करायच्या कामांची यादी, लिहून ठेवली आहे, त्यातलं क्रॉन नावाचं गजरासारखं साधन तिला वेळेवर उठवतं. आजीच्या कानबाईच्या गाण्यांची रेकॉर्डिंगं, सातबारे, आप्पांच्या वहीचे फोटो, सगळ्याचं एक गाठोडं बांधून ती दुसऱ्या डिस्कवर ठेवते, एक दादूकडे धाडते. रोजची ७, आठवड्याची ४, महिन्याची १२ गाठोडी राहतात, त्याआधीचं जुनं निघतं. आप्पा, केळीच्या पिलबागेत माझ्या हाती विळा देण्याआधी तुम्ही राखायचं पील, म्हणजे बुंध्याजवळचा नवा कोंब, दाखवायचे. तसंच आता नवं गाठोडं उघडून पाहिल्यावरच जुनं पुसलं जातं.

पूर्वी उलटं होतं, चूक माझीच. हिवाळ्यात डिस्क भरली, जुनं पुसलं गेलं आणि नवी फाइल शून्य बाइटची, म्हणजे रिकामी, झाली. त्याच आठवड्यात लॅपटॉप गेला. दादूच्या फोनमधून बाकीचं मिळालं, पण आजीची दोन गाणी गेली. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही.

४ ची वेळ का, तेही सांगतो. इथे मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री २ वाजले की घड्याळ एकदम ३ वर नेतात. म्हणजे त्या रात्री अडीच वाजतच नाहीत! ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ३ चे परत २ करतात, तेव्हा अडीच दोनदा वाजतात. उन्हाळ्यात संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. मोबाइल आपोआप बदलतो, पण शेजारचे आजोबा भिंतीवरचं घड्याळ स्टुलावर चढून फिरवतात. माझं काम अडीचलाच लावलेलं होतं, म्हणून ४ वर नेलं. तुमच्यासाठी एवढंच की आता साडेतीन तासांचा फरक आहे. रविवारचा फोन साडेनऊऐवजी साडेआठला येईल.

छोटीच्या लग्नासाठी दीड लाख पाठवले आहेत. व्यापाऱ्याकडून उचल घेऊ नका, उरलेले जूनपर्यंत देतो. फैजपूरच्या स्थळाला माझ्यासाठी इतक्यात होकार देऊ नका, आधी छोटीचं होऊ द्या. आणि माय, आखाजीच्या सणाला येणं जमत नाही. सुट्टी लग्नासाठी राखली आहे, दुसरं कारण नाही.

आत्या आखाजीला माहेरी येईल. ती दोन गाणी तिला येत असतील. म्हणून घ्या, दादूला फोन जवळ धरायला सांगा.

तुमचा,
बापू