कॅमेऱ्याला स्टार देताना तो बनवणाऱ्यांचंही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नवीन मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याचा रिव्ह्यू वाचला. चांगला लिहिलाय, ऑटोफोकस डोळा कसा पकडतो, कमी लाईटमध्ये नॉइज, म्हणजे फोटोत दाणे, किती येतो, ग्रिप हातात कशी बसते, सगळं नीट वापरून सांगितलंय आणि शेवटी पाचपैकी साडेचार स्टार दिलेत. माझा साताऱ्यात स्टुडिओ आहे, लग्नाच्या ऑर्डरी घेतो, त्यामुळे असले रिव्ह्यू मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि त्यांच्या भरवशावर पैसेही घालतो. पण अख्ख्या पानात हा कॅमेरा कुठे बनला, तो जोडणाऱ्या लोकांना कसं वागवतात, बिघडला तर पार्ट किती वर्षं मिळणार, यावर एक अक्षर नाही. तुमच्याच पेपरचं असं नाही, सगळीकडे तेच आहे, आणि हे बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

लोक देश बघतच नाहीत असं नाही हो. कॅमेरा उलटा करून ट्रायपॉडच्या स्क्रूशेजारची बारीक अक्षरं वाचतात, मेड इन जपान असलं की भारी, थायलंड असलं तर चालेल, चायना दिसलं की नाक मुरडतात. 2024 ला फुजीफिल्मचा एक्स100व्हीआय आला, त्याच्या आधीचं मॉडेल जपानमध्ये बनायचं आणि हे चीनमध्ये, तर लोकांची चर्चा एकच, क्वालिटी उतरली का. म्हणजे त्या कारखान्यात माणसं काम करतात हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. आणि त्या अक्षरांवरून कळतं एवढंच की शेवटची जोडणी कुठे झाली, बाकी सेन्सर (फोटो टिपणारी चिप) एका देशातला, काच दुसऱ्या, बॅटरी तिसऱ्या. मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजायच्या गोष्टी रोज अचूक बसवणाऱ्या कामगाराला निव्वळ देशाच्या नावावरून फालतू ठरवणं मला अजिबात पटत नाही.

ऑक्टोबर 2011 मध्ये थायलंडला मोठा पूर आला. अयुथ्याजवळच्या रोजाना इंडस्ट्रियल पार्कमधला निकॉनचा डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचा) कारखाना पाण्यात गेला, सोनीचाही कॅमेऱ्याचा प्लांट त्याच भागात बुडाला, थायलंडभर मिळून आठशेच्या वर माणसं गेली. तेव्हाच्या कॅमेऱ्यांच्या बातम्या आठवून बघा, सगळ्यांचा सूर हाच की निकॉनच्या डी7000 चा स्टॉक कधी येणार, सोनीचं नेक्स-7 किती लांबणार, किमती वाढणार का. लाईनवरच्या कामगारांची घरं राहिली का, कारखाना बंद असताना त्यांना पगार मिळाला का, हे कुठल्याच रिव्ह्यूवाल्याने विचारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

विचारून काय होणार असं कोणी म्हणेल, तर त्यांना निकॉन डी600 चं उदाहरण देतो. 2012 ला हा कॅमेरा आला आणि काही दिवसांतच लोकांना फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसायला लागले. एफ16 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, मोकळं आकाश काढलं की स्वच्छ दिसायचे, धूळ आणि तेलाचे डाग सेन्सरवर पडत होते. परीक्षणं करणाऱ्यांनी आणि गिऱ्हाइकांनी ते फोटो मांडून मांडून दाखवले, विषय सोडलाच नाही. शेवटी 2014 ला कंपनीने वॉरंटी संपलेली असली तरी शटर (फोटो काढताना सेन्सरसमोर उघडझाप होणारा पडदा) फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं, त्याच वर्षी 15 मार्चला चीनच्या सरकारी टीव्हीने हा विषय लावून धरला आणि शांघायमध्ये विक्री थांबवायला लागली. एवढी ताकद परीक्षणात असते. कोपऱ्यातल्या ठिपक्यासाठी ती वापरता येते तर माणसांसाठी का नाही?

आणि हे आता लांबच्या देशातलं राहिलेलं नाही. डिसेंबर 2021 मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुम्बुदूरला ॲपलसाठी फोन जोडणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीत आयफोन जोडणाऱ्या मुलींना हॉस्टेलच्या जेवणातून विषबाधा झाली, दीडशेहून जास्त जणी दवाखान्यात, बाकीच्यांनी हायवे अडवला, मग ॲपलने तपासणी केली आणि राहायची-जेवायची सोय आपल्या नियमात बसत नाही असं सांगून कारखाना प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली, टाकला. म्हणजे मुली रस्त्यावर बसल्या तेव्हा कुठे तपासणी झाली. पुढच्याच वर्षी वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला न येता गुजरातला गेला म्हणून आपल्याकडे केवढं रान उठलं होतं. रोजगार यायलाच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही, पण आले असते तर आपल्या मुली कुठे राहिल्या असत्या, कायम किती आणि कॉन्ट्रॅक्टवर किती, यावर त्या गदारोळात मला काही वाचायला मिळालं नाही.

बॅटरीतल्या कोबाल्टचं तर वेगळंच. जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगोमधून येतो, आणि तिथे लहान पोरं खाणीत राबतात हे ॲम्नेस्टी या मानवी हक्क संस्थेने 2016 ला मांडलं. अमेरिकेच्या 2010 च्या कायद्यात कथील, टॅन्टलम, टंगस्टन आणि सोनं कुठून आणलं हे कंपन्यांना सांगावं लागतं, पण कोबाल्ट त्या यादीत नाहीच.

रिपेअरचा मुद्दा यालाच जोडून आहे. माझ्याकडची एक चांगली चालणारी बॉडी (लेन्स सोडून बाकीचा कॅमेरा) शटर गेल्यावर सर्व्हिस सेंटरला पाठवली, कंपनीचं नाव घेत नाही, तर उत्तर आलं की पार्ट बंद झालाय, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या. बाकी सगळी मशीन ठणठणीत. एवढ्या हातांनी केलेली वस्तू एका पार्टसाठी भंगारात टाकायची आणि तेवढंच काम पुन्हा कोणाकडून तरी करून घ्यायचं, हे मला सहन होत नाही. फ्रान्सने 2021 मध्ये मोबाईल, लॅपटॉप, टीव्हीवर रिपेअर किती सोपं याचा दहापैकी गुण छापायची सक्ती केली, आपल्याकडे निदान पेपरवाले तरी रिव्ह्यूच्या चौकटीत तसा एक आकडा देऊ शकतात.

तर विनंती अशी की पुढचा कॅमेरा टेस्टला मागवाल तेव्हाच कंपनीला लेखी विचारा, जोडणी कुठल्या कारखान्यात होते, तिथे कॉन्ट्रॅक्टवर किती लोक आहेत, बाहेरच्या संस्थेने शेवटची तपासणी कधी केली, शटर आणि मेनबोर्ड किती वर्षं देणार आणि ते बाहेरच्या मेकॅनिकला विकणार का. उत्तर आलं तर छापा, नाही आलं तर "उत्तर दिलं नाही" असं स्टारच्या खालीच छापा. लग्नसराईच्या आधी बरेच जण नवीन बॉडी घेतात, तेव्हाच्या अंकापासून सुरू केलंत तर आमच्यासारख्यांना घेताना उपयोग होईल.

आपला,
एक वाचक आणि फोटोग्राफर, सातारा